डिस्नीची पहिली पंधरा वर्षं: मिकी आणि स्नो व्हाइटच्या मधलं

प्रश्न असा आलाय की डिस्नी स्टुडिओच्या सुरुवातीच्या काळातले महत्त्वाचे टप्पे कोणते, ॲनिमेशनच्या कोर्सला प्रेझेंटेशन करायचंय आणि जिथे बघावं तिथे मिकी आणि स्नो व्हाइट या दोनच गोष्टी सापडतात, मधलं काही कळत नाही. आणि मिकी खरंच ट्रेनमध्ये सुचला का, हेही विचारलंय.

मी टूडीमध्ये बरीच वर्षं काढलीत, आधी कागद आणि लाइटबॉक्स, मग टॅबलेट, आता शिकवतो जास्त आणि काढतो कमी. त्यामुळे माझं उत्तर थोडं कामगाराच्या बाजूचं असणार हे धरून चाला. माझं म्हणणं असं की डिस्नीची टाइमलाइन कॅरेक्टर्सवरून आणि सिनेमांवरून लावायचीच नाही. दोन धागे धरायचे. एक, केलेल्या कामाचा मालक कोण. दुसरा, काम करायची पद्धत कधी कशी बदलली. या दोन धाग्यांवर सगळं बसतं, आणि मधली गाळलेली वर्षं हीच सगळ्यात भारी निघतात.

सुरुवात हॉलिवूडपासून करू नका, कॅन्सस सिटीपासून करा. वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स ही दोन्ही पोरं १९१९मध्ये तिथल्या एका जाहिरातींच्या आर्ट स्टुडिओत भेटली, दोघंही सतरा-अठरा वर्षांची. नंतर दोघं एका फिल्म ॲड कंपनीत लागले, थिएटरात दाखवायच्या छोट्या जाहिराती करायला, तिथे कागदाचे कापलेले हात-पाय हलवून ॲनिमेशन करायचे. वॉल्टने फावल्या वेळात स्वतःच्या छोट्या फिल्म्स केल्या आणि १९२२मध्ये लाफ-ओ-ग्रॅम फिल्म्स नावाची कंपनी काढली, भांडवल १५,००० डॉलर, आजूबाजूला ह्यू हार्मन, रुडॉल्फ आयझिंग असली त्याच्यासारखीच उत्साही पोरं. परीकथांवर सहा फिल्म्स करायचं काँट्रॅक्ट मिळालं, ११,००० डॉलरचं, पण हातात ॲडव्हान्स आला फक्त १०० डॉलर, बाकीचे पैसे १९२४च्या जानेवारीत. आणि ज्यांनी काँट्रॅक्ट दिलं ती डिस्ट्रिब्युशन कंपनीच मधे बुडाली. फिल्म्स करून झाल्या, पैसे शून्य. शेवटी एका डेंटिस्टने दातांच्या निगेवरची फिल्म करायला ५०० डॉलर दिले त्यावर काही दिवस काढले, पण १९२३मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलंच. वॉल्ट तेव्हा एकवीस वर्षांचा होता. हा पहिला टप्पा म्हणून जरूर घ्या, कारण पेमेंट नंतर, डिलिव्हरी आधी या सापळ्यात आपल्याकडचे निम्मे छोटे स्टुडिओ आजही अडकतात, शंभर वर्षांत काही बदललं नाही.

बुडत्या कंपनीतून त्याने एक फिल्म तेवढी वाचवली. ॲलिस नावाची खरी, हाडामांसाची लहान मुलगी आणि तिच्याभोवती कार्टूनचं जग. तेव्हा न्यूयॉर्कचे फ्लायशर बंधू उलटं करत होते, खऱ्या जगात कार्टूनचा जोकर, तर याने कार्टूनच्या जगात खरी मुलगी टाकली. ही अर्धवट रीळ आणि खिशात ४० डॉलर घेऊन १९२३च्या उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिसला काकांकडे आला. भाऊ रॉय तिथे क्षयाच्या आजारामुळे मिलिटरी हॉस्पिटलात होता. तिकडे न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट विंकलर नावाची डिस्ट्रिब्युटर होती, फेलिक्स द कॅटचं वितरण तिच्याकडे होतं, त्या धंद्यातली ती पहिलीच बाई, पण फेलिक्सच्या निर्मात्याशी तिचं वाजलं होतं आणि तिला नवीन मालिका हवी होती. १६ ऑक्टोबर १९२३ला काँट्रॅक्ट झालं, पहिल्या सहा फिल्म्सना प्रत्येकी १,५०० डॉलर. कंपनी आपला वाढदिवस हाच धरते. रॉय हॉस्पिटलातून बाहेर पडला, काकांनी ५०० डॉलर उसने दिले आणि किंग्जवेल अव्हेन्यूवर एका इस्टेट एजंटच्या ऑफिसमागच्या खोलीत 'डिस्ने ब्रदर्स कार्टून स्टुडिओ' सुरू झाला. नावात दोघं भाऊ होते हे लक्षात ठेवा, कारण १९२६च्या सुमारास हायपेरियन अव्हेन्यूवर स्वतःच्या जागेत गेल्यावर पाटी बदलून 'वॉल्ट डिस्ने स्टुडिओ' झाली. रॉयने काही तक्रार केल्याचं दिसत नाही, तो आयुष्यभर पैशांची बाजू सांभाळत राहिला. मला विचाराल तर हा माणूस नसता तर वॉल्ट तीन वेळा तरी दिवाळखोर झाला असता.

ॲलिसच्या काळात अजून एक गोष्ट घडली जी कुणी टप्पा म्हणून लिहीत नाही. १९२४मध्ये आयवर्क्स कॅन्सस सिटीहून आला आणि त्याच सुमारास वॉल्टने स्वतः ड्रॉइंग करणं थांबवलं. कायमचं. म्हणजे डिस्नीचे जे सिनेमे आपण बघतो त्यातलं एकही ॲनिमेशन त्याच्या हातचं नाही. त्याला कळलं होतं की आयवर्क्स त्याच्यापेक्षा कितीतरी पुढचा ॲनिमेटर आहे, आणि आपलं काम गोष्ट बघणं, गॅग म्हणजे हसवणारे प्रसंग बघणं, माणसं जमवणं. स्वतःला चांगलं काढता येत असताना पेन्सिल खाली ठेवणं सोपं नसतं, मी भलेभले सुपरवायझर बघितलेत जे रात्री थांबून ज्युनियरची ड्रॉइंग्ज स्वतः पुन्हा काढत बसतात आणि मग शिफ्टच्या शिफ्ट बोंबलते.

आता ओसवाल्ड. हा खरा वळणबिंदू, यावर एक अख्खी स्लाइड द्या. विंकलरने चार्ल्स मिंट्झशी लग्न केलं आणि धंदा त्याच्या हातात गेला. ॲलिस जुनी झाली, पन्नासहून जास्त फिल्म्स झाल्या होत्या, म्हणून १९२७मध्ये युनिव्हर्सलसाठी ओसवाल्ड द लकी रॅबिट नावाचा ससा काढला. चांगला चालला. एका फिल्मला २,२५० डॉलर मिळत होते. १९२८च्या सुरुवातीला काँट्रॅक्ट वाढवायला वॉल्ट बायकोला घेऊन न्यूयॉर्कला गेला, मनात की २,५०० मागू. मिंट्झने सांगितलं १,८०० देतो, घ्यायचे तर घे, नाहीतर तुझी माणसं मी आधीच फोडलीत. आणि खरंच फोडली होती, हार्मन वगैरे बहुतेक ॲनिमेटर त्याच्याकडे जायला तयार होते. आणि ससा? तो कागदोपत्री युनिव्हर्सलचा होता. वॉल्टने काढला, वाढवला, पण मालकी नव्हती.

माणसं का फुटली हेही विचारा. मिंट्झ वाईट आणि वॉल्ट बिचारा असं चित्र नेहमी रंगवतात, पण त्या पोरांना वॉल्टच्या हाताखाली काम करायचा कंटाळा आला होता, तो सारखा मागे लागायचा, श्रेय एकाच नावाला जायचं. फुटलेला हार्मन आणि त्याच्या आधीच बाहेर पडलेला आयझिंग यांनीच पुढे वॉर्नरच्या लूनी ट्यून्स मालिकेची सुरुवात केली, १९३०मध्ये, आणि वॉल्टकडचाच जुना ॲनिमेटर फ्रीलंग याने तर पुढची जवळपास तीस वर्षं तिथे काढली. मिंट्झलाही ससा पचला नाही, वर्षभरात युनिव्हर्सलने तो त्याच्याकडूनही काढून घेतला. आणि ओसवाल्डचे हक्क डिस्नीकडे परत कधी आले माहितीये? २००६मध्ये, आणि बदल्यात डिस्नीच्या टीव्ही चॅनेलने आपला एक खेळाचा कॉमेंटेटर, अल मायकल्स, समोरच्या कंपनीकडे जाऊ दिला. ससा द्या, कॉमेंटेटर घ्या. गंमत नाही, खरं आहे.

यानंतर मिकी. ट्रेनची गोष्ट अशी की न्यूयॉर्कहून परतताना गाडीत वॉल्टला उंदीर सुचला, नाव मॉर्टिमर ठेवायचं होतं, बायको लिलियन म्हणाली हे फारच भारदस्त वाटतं, मिकी ठेव. वॉल्टने ही गोष्ट आयुष्यभर निरनिराळ्या तऱ्हेने सांगितली, आणि गोष्टी सांगणं हाच त्याचा धंदा होता त्यामुळे किती धरायचं ते तुम्ही ठरवा. जे नक्की आहे ते असं, की मिकी जसा दिसतो तो आयवर्क्सने काढलेला आहे. गोल डोकं, गोल कान, गोल पोट, रबरी नळीसारखे हातपाय. हे गोलगोल प्रकरण गोड दिसावं म्हणून नव्हतं, ते पटकन काढता येतं म्हणून होतं. ओसवाल्डचे कान जरा छोटे गोल करा, शेपटी बदला, झाला मिकी, शेजारी शेजारी ठेवून बघा. स्लाइडवर ट्रेनची गोष्ट टाकायची असेल तर टाका, पण 'असं वॉल्ट सांगायचा' हे शब्द सोबत टाका.

पहिली मिकी फिल्म 'प्लेन क्रेझी'. फुटलेले ॲनिमेटर अजून नोटिस पिरियडमध्ये त्याच इमारतीत बसून ओसवाल्ड संपवत होते, म्हणून आयवर्क्स आतल्या खोलीत लपून एकटा काढत होता, कुणी आलं की वर दुसरी ड्रॉइंग्ज ठेवायची. दोनेक आठवड्यांत अख्खी फिल्म, दिवसाला ७००पर्यंत ड्रॉइंग्ज काढली असं सांगतात. साध्या आकारांचं कॅरेक्टर असलं तरी हा आकडा वाचून मनगट दुखतं. १५ मे १९२८ला एका थिएटरात दाखवली, लोक हसले, पण डिस्ट्रिब्युटर कुणी मिळाला नाही. दुसरी फिल्म केली, तिलाही नाही. मूकपट होते ते, आणि १९२७च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत बोलपटाचं वारं सुटलं होतं. म्हणजे मिकी आला तेव्हा पडला. हे फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं सापडतं.

तिसरी 'स्टीमबोट विली'. इथे जरा थांबतो, कारण हा माझ्या मते सगळ्यात मोठा टेक्निकल टप्पा आहे आणि लोक तो चुकीचा सांगतात. 'जगातलं पहिलं आवाजी कार्टून' असं लिहू नका, फ्लायशर बंधूंनी १९२४पासूनच गाण्यांच्या कार्टून्सना आवाज जोडला होता, आणि पॉल टेरीचं आवाजी कार्टूनही विलीच्या आधी थोडे दिवस आलं होतं. विलीचं वेगळेपण असं की इथे आवाज मागून चिकटवलेला नव्हता, ॲनिमेशनच तालावर काढलं होतं.

म्हणजे काय ते बघा. बोलपट आल्यावर फिल्मचा स्पीड पक्का झाला, सेकंदाला २४ फ्रेम. मूकपटात ऑपरेटर हँडल फिरवायचा, कधी हळू कधी जोरात, त्यामुळे ताल धरायला काही आधारच नव्हता. आता आधार मिळाला. विल्फ्रेड जॅक्सन नावाचा नवा पोरगा स्टुडिओत होता, त्याची आई पियानो शिकवायची, त्यामुळे मेट्रोनोम हा प्रकार त्याला माहीत होता. त्याने साधा हिशोब मांडला. समजा ताल मिनिटाला १२० ठोक्यांचा, म्हणजे सेकंदाला दोन ठोके, म्हणजे दर ठोक्याला १२ फ्रेम. मग मिकी गुडघ्यात वाकून वर येतो ती हालचाल बरोबर १२ फ्रेममध्ये बसवा, टाच आपटेल ती पहिल्या फ्रेमला. संगीत रेकॉर्ड व्हायच्या आधीच ॲनिमेटरला माहीत की कुठल्या फ्रेमला काय वाजणार आहे. यासाठी त्यांनी संगीताची नोटेशन आणि फ्रेमचे आकडे एकाच कागदावर मांडले, पुढे याचीच बार शीट झाली, आणि आज आपण एक्स-शीट किंवा डोप शीटवर, म्हणजे फ्रेमवार नोंदींच्या तक्त्यावर, आवाजाच्या कॉलममध्ये जे भरतो ते याच घराण्यातलं. कोर्सला तुम्हाला डोप शीट भरायला लावतात तेव्हा वैताग येतो ना, ती भानगड इथून सुरू झाली.

अर्धवट फिल्म तयार झाल्यावर त्यांनी स्टुडिओतच एक चाचणी घेतली. रॉय बाहेरून खिडकीतून प्रोजेक्टर चालवतोय म्हणजे मोटरचा आवाज आत येऊ नये, बायका आणि मैत्रिणी प्रेक्षक, आणि बाकीचे आडोशाला उभे राहून जॅक्सन माउथ ऑर्गन वाजवतोय, कुणी भांडी बडवतंय, कुणी शिट्ट्या मारतंय, वॉल्ट चिरक्या आवाजात बोलतोय. जमलं म्हणे. पुरुष मंडळी हरखून गेली, बायका मात्र थोड्याच वेळात आपापल्या गप्पांना लागल्या असंही सांगतात, खरं असावं.

मग रेकॉर्डिंगला वॉल्ट न्यूयॉर्कला, पॅट पॉवर्स नावाच्या माणसाच्या सिनेफोन यंत्रावर. सप्टेंबर १९२८मध्ये पहिलं सेशन फसलं. मोठा ऑर्केस्ट्रा, थिएटरमधला अनुभवी कंडक्टर, पण त्याला पडद्याच्या वेगाने चालायची सवय नाही, ताल कुठेच जुळेना, आणि पैसे गेले. वॉल्टने घरी कळवलं, रॉयने जमवाजमव केली, वॉल्टची लाडकी मून गाडी विकली. दुसऱ्या वेळी वादक कमी केले आणि फिल्मवरच एक उसळणारी खूण छापून घेतली, ती खाली टेकली की ठोका. कंडक्टरने नोटेशन सोडून त्या खुणेकडे बघत हात हलवले आणि काम झालं. १८ नोव्हेंबर १९२८ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरला लागली, साडेसात मिनिटांच्या आसपासची फिल्म, मुख्य सिनेमापेक्षा हिचीच चर्चा झाली. आणि यावेळी मोठे स्टुडिओ विकत घ्यायला आले तेव्हा वॉल्टने मिकीचे हक्क कुणालाही दिले नाहीत, ओसवाल्डची भाजलेली जीभ होती.

पॉवर्सने तरी हात मारलाच. पैशांचे हिशोब नीट देईना, आणि १९३०च्या जानेवारीत आयवर्क्सलाच फोडलं. स्वतःचा स्टुडिओ काढून देतो म्हणाला. आयवर्क्सने आपली २० टक्के भागीदारी २,९२० डॉलरला सोडली. हो, वीस टक्के, डिस्नीचे. संगीतकार कार्ल स्टॉलिंगही गेला, तोच पुढे वॉर्नरकडे जाऊन कार्टून संगीताचा बादशहा झाला. जाण्याआधी या दोघांनी मिळून 'स्केलेटन डान्स' करून ठेवला होता, १९२९चा, सिली सिम्फनी मालिकेतला पहिला, कल्पना स्टॉलिंगची, कॅरेक्टर नाही, गोष्ट नाही, फक्त संगीत आणि सांगाडे. एखाद्या वर्गाला टायमिंग शिकवायला मी अजून तोच लावतो.

आयवर्क्स गेल्यावर सगळे समजत होते की आता डिस्नी संपला. आणि इथेच ती गाळलेली वर्षं सुरू होतात, १९३० ते १९३४. एक असामान्य हात निघून गेला म्हणून वॉल्टला अशी व्यवस्था उभारावी लागली जी एका हातावर अवलंबून नसेल. आयवर्क्स सरळ पुढे पहिल्या ड्रॉइंगपासून शेवटच्यापर्यंत स्वतःच काढत जायचा, मधली ड्रॉइंग्ज दुसऱ्याला द्यायला त्याला आवडायचं नाही. आता की ड्रॉइंग्ज, म्हणजे हालचालीतल्या मुख्य पोझेस, मुख्य ॲनिमेटर करणार, मधली इनबिटवीन ज्युनियर, रेषा साफ करायचं क्लीनअप वेगळा माणूस, शाई आणि रंग वेगळा विभाग. तो शाई-रंगाचा विभाग म्हणजे जवळपास सगळ्या मुली, प्रमुख लिलियनची बहीण हेझल सेवेल. सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर, उलट्या बाजूने रंग भरायचा, पुढच्या बाजूला शाईची रेष, रेष जरा जाडबारीक झाली की पडद्यावर थरथरते. त्यांची नावं क्रेडिटला नसायची, आणि ॲनिमेटर व्हायची वाट त्यांना जवळजवळ बंदच होती. हा काळा भाग प्रेझेंटेशनमधून वगळू नका.

पेन्सिल टेस्ट, आपल्याकडे लाइन टेस्ट म्हणतात ती, इथलीच. म्हणजे शाई-रंगाला द्यायच्या आधी कच्ची पेन्सिल ड्रॉइंग्जच कॅमेऱ्याखाली शूट करायची, स्वस्त फिल्मवर, प्रिंटसुद्धा काढायची नाही, निगेटिव्हच बघायची, काळ्यावर पांढऱ्या रेषा. हायपेरियनला जिन्याखालच्या एका कोंदट बोळकांडीत हे बघत बसायचे, तिला स्वेटबॉक्स म्हणायचे, आधी हवा नसल्यामुळे घाम आणि नंतर वॉल्ट काय बोलेल या धाकाने घाम. आज आपण टाइमलाइनवर प्ले दाबतो तेव्हा हे आपसूक होतं, पण त्या आधी ॲनिमेटरला स्वतःचं काम हलताना दिसायचं ते थेट पूर्ण झालेल्या फिल्ममध्ये. चूक दिसली तरी तेव्हा काय करणार, रंगवून झालेलं असायचं. जगातल्या बाकी स्टुडिओंना हा खर्च वेडेपणा वाटायचा. माझ्या हिशोबात डिस्नीचं ॲनिमेशन इतरांच्या पुढे गेलं ते इथे.

दुसरं स्टोरीबोर्ड. वेब स्मिथ नावाचा गोष्ट विभागातला माणूस गॅगची चित्रं काढून भिंतीवर टाचण्यांनी लावायचा. आधी खोलीभर कागद पसरलेले असायचे, मग नीट बोर्डवर ओळीने आले. फायदा एवढाच की एखादं चित्र उपटून दुसरीकडे लावता येतं, आणि खोलीतल्या दहा जणांना एकाच वेळी कळतं की मध्येच गोष्ट झोपली आहे. आज लाइव्ह ॲक्शनवाले, जाहिरातवाले सगळे वापरतात.

तिसरं शिक्षण. १९२९मध्ये पोरांकडे गाड्या नव्हत्या म्हणून वॉल्ट स्वतः त्यांना संध्याकाळी शुइनार्ड आर्ट स्कूलला सोडायला आणि आणायला जायचा. मग आर्ट बॅबिट नावाच्या ॲनिमेटरने घरी मॉडेल बसवून लाइफ ड्रॉइंग सुरू केलं, वॉल्टने ते स्टुडिओत आणलं, आणि नोव्हेंबर १९३२पासून डॉन ग्रॅहॅम नावाचे शिक्षक तिथे येऊन शिकवायला लागले. मंदीचा काळ, पैशांची ओढाताण, वॉल्टला १९३१मध्ये कामाच्या ताणाने अक्षरशः खचून सुट्टीवर जावं लागलं होतं, आणि तरी पगारी माणसांना ड्रॉइंग शिकवायला खर्च. आपल्याकडे स्टुडिओ म्हणतात शिकून या आणि मग या, आणि वर रील दाखवा.

रंगाचं थोडक्यात सांगतो. 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' अर्धी काळीपांढरी झाली होती, वॉल्टने ती टाकून टेक्निकलरच्या नव्या तीन रंगी प्रक्रियेत पुन्हा करायला लावली, रॉय नको म्हणत होता. जुलै १९३२ला आली आणि कार्टून शॉर्टचं पहिलं ऑस्कर घेऊन गेली. हुशारी रंगात नव्हती, करारात होती. कार्टूनसाठी ही प्रक्रिया काही वर्षं फक्त डिस्नीला, १९३५ उजाडेपर्यंत बाकी सगळे दोन रंगांत, लाल-हिरव्याच्या आसपास चाचपडत राहिले, त्यात खुद्द आयवर्क्ससुद्धा. ज्याच्याकडून एकदा ससा गेला तो माणूस आता हक्कांचा खेळ स्वतः खेळत होता. खेळणी आणि घड्याळांचंही तसंच, १९३२मध्ये के केमन नावाच्या सेल्समनला सगळं लायसन्सिंग दिलं, १९३३ला मिकीचं घड्याळ आलं आणि धडाधड खपलं. फिल्म्स कर्ज काढून करायच्या आणि उंदराने घड्याळं विकून ते फेडायचं, असा कारभार.

'थ्री लिटल पिग्ज', मे १९३३. हिचं गाणं मंदीत घरोघरी गेलं वगैरे सगळीकडे लिहिलेलं असतं. ॲनिमेटर म्हणून मला दुसरंच महत्त्वाचं वाटतं. तिन्ही डुकरं दिसायला जवळपास सारखी, पण कोण आळशी आणि कोण कष्टाळू हे नुसत्या हालचालीवरून कळतं. म्हणजे स्वभाव डिझाइनमध्ये नाही, चालण्यात आहे. पुढच्याच वर्षी 'प्लेफुल प्लूटो'मध्ये नॉर्म फर्ग्युसनने कुत्र्याला माशा पकडायच्या चिकट कागदात अडकवलं. कुत्रा अडकतो, थांबतो, विचार करतो, नवी युक्ती करतो, आणखी अडकतो. तो जो 'थांबतो' आहे ना, ती ड्रॉइंग्ज बघा. पडद्यावरचं चित्र विचार करतंय असं प्रेक्षकाला तिथे वाटलं.

एवढं सगळं हाताशी आल्यावरच 'स्नो व्हाइट' शक्य होती. १९३४मध्ये एका संध्याकाळी वॉल्टने मुख्य माणसांना जेवून यायला सांगितलं आणि साउंड स्टेजवर एकट्याने, सगळी पात्रं स्वतः करून, तासन्‌तास अख्खी गोष्ट सांगितली. बजेट धरलं होतं अडीच लाख डॉलर, खर्च गेला पंधरा लाखांच्या घरात. 'डिस्नीचा वेडेपणा' असं इंडस्ट्रीत म्हणायचे. मधे पैसे संपले तेव्हा बँक ऑफ अमेरिकाच्या जोसेफ रोझेनबर्गला अर्धवट सिनेमा दाखवून कर्ज घेतलं. दृश्यात जवळ-लांबची खोली दिसावी म्हणून मल्टिप्लेन कॅमेरा केला, काचेचे थर एकावर एक आणि वरून कॅमेरा, त्याची तालीम आधी 'द ओल्ड मिल'मध्ये घेतली. आणि निर्दय कापाकापी, बुटके सूप पितात असा एक अख्खा सीन वॉर्ड किंबॉलने जवळजवळ पूर्ण केला होता, कित्येक महिन्यांचं काम, गोष्ट रेंगाळते म्हणून वॉल्टने काढून टाकला. २१ डिसेंबर १९३७ला कार्थे सर्कल थिएटरला प्रीमियर, पहिल्या फेरीत ऐंशी लाख डॉलरच्या आसपास कमाई. फक्त 'जगातला पहिला ॲनिमेटेड सिनेमा' असं लिहून मार्क घालवू नका. अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानीने १९१७मध्ये केला होता, त्याच्या प्रती उरल्या नाहीत, आणि जर्मनीत लोटे रायनिगरचा सावल्यांचा सिनेमा १९२६चा, तो आजही बघता येतो. स्नो व्हाइट हा अमेरिकेतला पहिला पूर्ण लांबीचा सेल ॲनिमेशनचा सिनेमा, एवढंच लिहा, तेही पुष्कळ आहे.

सुरुवातीचा काळ इथे संपतो असं मी धरतो, पण जागा असेल तर २९ मे १९४१चा संपही घ्या. पगारातली तफावत, क्रेडिट, युनियन, आणि लाइफ ड्रॉइंगवाला आर्ट बॅबिट युनियनमुळे काढून टाकला गेला. १९२८ला ज्या कारणाने पोरं फुटली होती तीच कारणं आता शेकडो लोकांच्या तोंडी होती. बाहेर पडलेल्यांतले काही जण पुढे यूपीए नावाच्या स्टुडिओत गेले आणि डिस्नीच्या गोलगोल शैलीच्या बरोबर उलट, सपाट, टोकदार ॲनिमेशन त्यांनी आणलं.

आपल्याकडचा धागा विचाराल तर तोही आहे, आणि ओढूनताणून नाही. क्लेअर वीक्स नावाचे डिस्नीचे ॲनिमेटर, जन्माने भारतातल्या मिशनरी कुटुंबातले, १९५६मध्ये अमेरिकेच्या तांत्रिक मदत योजनेतून मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या कार्टून युनिटला त्यांनी शिकवलं. ॲनिमेटर राम मोहन त्याच तुकडीतले. १९५७ची 'द बॅनियन डिअर' ही जातककथेवरची फिल्म तिथलीच, हरणं बघा, हायपेरियनची शाळा लगेच ओळखू येते. आमच्या पिढीला ज्यांनी शिकवलं त्यांतले बरेच जण राम मोहन यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे तो स्वेटबॉक्सचा घाम थोडा आम्हीही गाळलाय.

प्रेझेंटेशनला क्लिप लावायच्या तर 'स्टीमबोट विली' अमेरिकेत १ जानेवारी २०२४पासून कॉपीराइटमुक्त आहे आणि 'स्केलेटन डान्स' २०२५पासून, पण नंतरच्या वर्षांतला रंगीत मिकी नाही आणि ट्रेडमार्कचा विषय वेगळा, वर्गात दाखवायला काही अडचण नाही. विलीमधला तो तुकडा घ्या जिथे बोकड नोटेशनचे कागद खातो आणि मिकीची मैत्रीण मिनी त्याची शेपटी गोल फिरवते. आधी म्यूट करून लावा आणि वर्गाला टाळीने ठोका द्यायला सांगा, मग आवाज चालू करून तोच परत लावा. बारा फ्रेमचं गणित त्यानंतर फळ्यावर मांडा, आधी नको.